चिमटा लावलेला टीव्ही

दाजी चहा आणायला बाहेर पडले आणि मेहुण्याने झटकन त्यांच्या टेबलावरच्या टीव्हीची पिन सॉकेटमध्ये खोचली.

टीव्ही जुन्या ब्लँकेटवर पालथा पडला होता, पाठ उघडी. सकाळपासून दाजी त्याच्यामागे लागले होते, पण दोष हाती लागत नव्हता. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. दाजी परत यायच्या आत दोष शोधायचा आणि अगदी सहज म्हणायचं, "तो होय? साधी गोष्ट आहे की." बाबांच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात.

दुकान बाबांचं. सोल्डरचे चटके याने शाळेत असल्यापासून खाल्ले, आणि ताईशी लग्न करून काल-परवा आलेल्या माणसासाठी गिऱ्हाइकं बाकावर बसून राहायची. "जावई येऊ देत, त्यांनाच दाखवू." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. बाबा जावयाला 'तुम्ही' म्हणायचे आणि मुलाला 'तू'. रीतच तशी असते, पण अलीकडे त्याला तेसुद्धा टोचत होतं.

त्याने मीटर लावला. मोठ्या कपॅसिटरपर्यंत वीज येत होती आणि तिथून पुढे काहीच जात नव्हतं. सापडलं! तेवढ्यात दाराशी दाजींच्या चपला वाजल्या. त्याने पिन उपसली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला. मग त्याचं लक्ष गेलं. कपॅसिटरजवळ बोर्डाच्या कडेला चिमटा तसाच होता.

कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा. पण या दुकानात त्याच्याइतका मान बाबांनाही नव्हता. पिन काढली तरी कपॅसिटर पोटात वीज धरून बसतो, म्हणून आधी त्याला बल्ब जोडून रिकामा करायचा आणि मगच चिमटा लावायचा. पुन्हा पिन लावायची तर आधी चिमटा काढायचा. चिमटा दिसला की डोळे मिटून हात घालावा, असा बाबांचा कायदा. "ज्याचा चिमटा खोटा, त्याचं टेबल सुटलं," ते म्हणायचे, आणि एका जुन्या कारागिराला त्यांनी खरोखरच घरी पाठवलं होतं.

दाजींनी सकाळी कपॅसिटर रिकामा करून चिमटा लावला होता. आता तो भरलेला होता. आणि पुढचा रस्ताच बंद, म्हणजे वीज जाणार कुठे? तशीच बसून राहणार.

"घे," दाजींनी एक ग्लास त्याच्यापुढे ठेवला. "तुझ्यात साखर कमी सांगितलीय."

त्यांच्या या चांगुलपणाचाही राग यावा, इतका तो जळत होता.

दाजी बसले. त्यांनी चिमट्याकडे एकदा पाहिलं आणि बाह्या वर सारल्या. तोंड उघडायचं म्हणजे कबूल करायचं, चोरून पिन मी लावली. टेबल सुटणार, आणि मग इथे दाजी एकटेच राजे. नाही उघडायचं म्हणजे एक झटका. बसेल एखादा, त्याने काय होतंय? बाबांनाही कळेल, जावईबापूंचा हातही चुकतो. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला गोडही वाटला.

दाजींनी डावा हात टीव्हीच्या पत्र्यावर टेकला आणि उजवा बोर्डाकडे नेला. एक हात इकडे, एक तिकडे. म्हणजे झटका बोटांना नाही, छातीतून जाणार होता. त्याच्या डोळ्यांसमोर एकदम ताई उभी राहिली.

"दाजी, हात!" तो ओरडला. ग्लास लवंडला, चहा टेबलभर झाला.

दाजींचा हात होता तिथेच थांबला. त्यांनी बल्बच्या दोन वायरी उचलल्या आणि कपॅसिटरच्या टोकांना लावल्या. बल्ब लख्ख पेटला आणि विझला. दाजींनी सॉकेटकडे पाहिलं. तिथलं बटण अजून चालूच होतं. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

बाबा गिऱ्हाइकाला सोडून आत आले. "चिमटा असताना बल्ब पेटला? कुणाचं काम हे?"

"माझंच चुकलं, बाबा," दाजी म्हणाले. "मघाशी पिन लावून बघितली आणि चिमटा काढायचा राहिला. हा ओरडला म्हणून वाचलो."

आता दाजींचं टेबल सुटणार, म्हणून तो बाबांकडे बघत बसला. बाबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं माणसाकडून. पण चूक अशी तिथल्या तिथे कबूल करायला छाती लागते, जावईबापू."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक याची आणि शाबासकी त्यांना! गिऱ्हाइकं त्यांची झाली, बाबा त्यांचे झाले, आता स्वतःची चूकसुद्धा याची राहिली नव्हती.

"बाबा, पिन मी लावली होती," तो म्हणाला. "ते चहाला गेले तेव्हा. चिमटा काढायचा मी विसरलो."

दाजींनी मान खाली घातली. बाबांनी मुलाकडे निरखून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे बघून हसले.

"राहू दे रे," ते म्हणाले. "त्यांचं बघून तुलाही आता मोठं मन दाखवावंसं वाटायला लागलं. चांगलं आहे."