कोरी दुनळी

तेजश्रीनं दुनळी बंदूक मधोमध वाकवून उघडली, नळ्या खिडकीकडे धरल्या आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. जुन्या बंदुकांची पारख करायला ती खास पुण्याहून आली होती. गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये सगळे तिच्याकडे बघत होते.

साळूबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. समोर त्यांचे यजमान गोरक्षतात्या मिशीला पीळ देत ऐटीत बसले होते. बंदूक त्यांच्या वडिलांची. परवान्याची कटकट नको, कुणी हौशी माणूस भेटला तर देऊन टाकू, असं मुलाचं, रविराजचं म्हणणं. तात्या कसेबसे तयार झाले होते.

तेजश्रीनं नळ्यांखालचे बारीक शिक्के भिंगातून वाचले. बंदूक इंग्लंडची होती, हातानं घडवलेली, शंभरी केव्हाच ओलांडलेली. "आणि गंमत म्हणजे, ही कधी चाललेलीच नाही," ती म्हणाली. "कारखान्यात तपासायला बार काढले असतील तेवढेच. म्हणून तर हिला सोन्याचा भाव येईल."

झालं! तात्यांची मिशीच उतरली. अहो, सगळ्या गोतावळ्याला पाठ होतं, की तरुणपणी तात्यांनी मळ्यात एकच बार काढला आणि बिबट्या थेट नदीपलीकडे पळाला. प्रत्येक लग्नात ही गोष्ट व्हायची आणि प्रत्येक लग्नात बिबट्या वीतभर वाढायचा. नात वेदिकानं तर ती शाळेच्या स्टेजवरही सांगितली होती. आता ती आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

"चाललीय. मी सोता चालवलीय," तात्या म्हणाले.

रविराजनं हळूच त्यांचा गुडघा दाबला. तेजश्री बिचारी भली पोरगी. नळ्या काही वेगळंच सांगतात, पण मालकच चालवली म्हणत असतील तर घेणाऱ्याला तसं सांगावं लागेल, मग भाव निम्म्यावर येईल, असं तिनं समजावलं. मग ती साळूबाईंकडे वळली. "आजी, तुम्ही होतात ना तिथं? चालली होती का हो बंदूक?"

होत्या की! त्या पीठ मळत होत्या आणि बिबट्या शेळ्यांच्या कुडावरून आत आला. तात्या बंदूक घेऊन धावले खरे, पण घोडा ओढायचाच विसरले आणि खुंटासारखे उभे राहिले. शेवटी साळूबाईंनीच पीठ फेकून परात उचलली आणि वरवंट्यानं अशी बडवली, की बिबट्यानं मागं वळून पाहिलं नाही. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. नवरा पळाला नाही, बिबट्यापुढं उभा राहिला, याचंच त्यांना केवढं कौतुक होतं. आता म्हातारपणी तात्यांना नातीपुढं खाली बघायला लावायचं? साळूबाईंचं मन होईना.

"आवाज लय मोठा झाला होता, बाई," त्या म्हणाल्या. "आन् बिबट्या पळाला. एवढं मला ठावं."

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. मग तेजश्रीला म्हणाले, "कोरी हाय. तसंच सांगा घेणाऱ्याला."

"मग आवाज कशाचा झाला?" वेदिकानं विचारलं. साळूबाईंनी चहाचा ट्रे पुढं केला.

रविराज मात्र भलताच खुशीत आला. बंदूक ज्या पितळी परातीवर ठेवली होती, तिच्यावर त्याची नजर गेली. दर दसऱ्याला साळूबाई त्याच परातीवर बंदूक आडवी ठेवायच्या आणि बंदुकीसोबत परातीलाही हळदकुंकू वाहायच्या. मधोमध चांगला मोठा पोचा होता तिला. "मॅडम, ही पण जुनीच आहे," तो म्हणाला. "हिचं काय येईल?"

तात्यांनी परात ओढून मांडीवर घेतली आणि पोच्यावरून अंगठा फिरवला.

"ही नाय द्यायची," ते म्हणाले. "ही चाललेली हाय."