पोटावर उतरलेलं विमान

मिस्त्री आपली हत्यारांची पेटी आवरत होते. एकेक पाना फडक्याने पुसायचा आणि आपल्या जागी ठेवायचा. वैमानिक हँगरच्या दारातच घुटमळला.

"ये की. पाहुण्यासारखा दारात काय उभा राहतोस?"

तो आत आला, पण मान काही वर होईना.

या संग्रहालयातली जुनी विमानं नुसती बघायची नव्हती. शनिवार-रविवारी ती आकाशात झेपावायची, आणि लोक पोराबाळांसकट यायचे ते त्यासाठीच. मागच्या रविवारी सत्तर वर्षांचं लढाऊ विमान घेऊन तो उतरला, तेव्हा चाकं बाहेर आलीच नाहीत. विमान पोटावर घसरत गवतात गेलं. पुढचा पंखा पार वाकला. सगळ्यांच्या आधी मिस्त्री पोचले. या वयात विमानावर चढून त्यांनी त्याला बाहेर ओढलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तो वैमानिकासाठी.

चौकशी लांबलीच नाही. "चाकांची कडी अडकली असणार," मिस्त्री आपणहून म्हणाले. "तपासायची माझ्याकडून राहिली."

वैमानिक तेव्हा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही.

"बायको म्हणत होती, तुम्हाला जेवायला बोलावू या," तो आता म्हणाला.

"सूनबाईला सांग, येईन."

"मी समितीशी बोललोय. म्हटलं, तीस वर्षांत एकदा चुकले. वय झालं की होतं माणसाकडून..."

बोलता बोलता त्याचे कान तापले. विमानाचा खिळा न् खिळा त्याला याच माणसाने ओळखायला शिकवला होता.

"मग? काय म्हणाले?"

"राहू देत म्हणाले. फक्त विमानांना हात लावायचा नाही. तिकीटखिडकीवर बसायचं."

मिस्त्री हसले. "म्हणजे आता सुटे पैसे मोजायला नवा चष्मा आला."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्या हसण्याने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोक काहीही बोलोत," तो घाईघाईने म्हणाला, "माझ्या मनात तुमच्याबद्दल राग नाही."

आठवडाभर घोकलेलं वाक्य. तोंडातून निघालं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

मिस्त्रींनी पेटी बंद केली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"पुढच्या वेळी उतरताना घाई करू नकोस. चाकं सोडायचा दांडा तू ओढलेलाच नव्हतास. मी आधी तो ओढला, मग तुझे पट्टे सोडले."