डब्यातल्या वाती

राजेश्वरचा प्रयोग यशस्वी झाला; पण पालमला घरी येऊन वडील चन्नबसप्पांच्या हातात वातींचा रिकामा डबा पाहिला, तेव्हा तो झालाच नसता तर बरं, असं त्याला वाटलं. परभणीच्या प्रयोगशाळेत नमुन्याचा कापूस संपला, म्हणून त्यानं देवघरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाती गुपचूप नेल्या होत्या. आयनिक द्रवात, म्हणजे पातळ राहणाऱ्या मिठात, त्या अशा विरघळल्या की सर खूश! ढवळलं की पातळ, थांबलं की घट्ट, काडीनं उचललं की पाकासारखी तार.

"वाती कुटं गेल्या रं?" चन्नबसप्पांनी विचारलं.

"कुटल्या वाती, अप्पा?"

"तुजी माय मरायच्या आधी वळून ठिवून गेली त्या. सणासुदीला एकच लावायलोय, पुरवून पुरवून."

राजेश्वर पुढं सरकून सांगू लागला. "विरघळल्या, अप्पा. पण पाणी टाकलं की कापूस परत येतो. लय भारी हाय ते. तोच कापूस!"

"आन् तिनं वळलेला?"

दुसऱ्या दिवशी त्यानं विभागप्रमुखांकडे अर्ज दिला: ‘सदर द्रावणातील वाती माझ्या मातोश्री कै. नागुबाई यांनी स्वहस्ते वळलेल्या मूळ स्थितीत परत मिळाव्यात, ही नम्र विनंती.’