संत तेओदेल्लाचा हात

दर पंचवीस वर्षांनी संत तेओदेल्लाचा वाळलेला हात चांदीच्या पेटीतून बाहेर निघायचा आणि गावच्या डॉक्टरने तो तपासायचा. साक्ष भक्कम व्हावी म्हणून डॉक्टर नास्तिकच लागायचा. इटलीच्या कालाब्रिया प्रांतातल्या त्या डोंगरी गावात तसा एकटा एर्मेतेच उरला होता.

"हाडं आणि चामडं, एवढंच लिहिणार," तो म्हणाला. "चमत्कार सापडला तर चाळीस वर्षांची माझी बडबड फुकट जाईल."

"नाडी तरी बघा, डॉक्टरसाहेब," फादर दोनातो हसले. "हा पेशंट तक्रार करणार नाही."

एर्मेतेने थट्टेतच मनगट धरलं. बोटांखाली एक ठोका लागला. मग दुसरा.

"काय झालं हो?"

"काही नाही. कधीकधी आपल्याच बोटातली नाडी अशी फसवते. शिकाऊ डॉक्टरांची चूक."

"मग तसं लिहून टाका."

लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून त्याने दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्यावर टेकवली. दोन्हीकडचे ठोके जुळले, की विषय मिटला.

मनगटातले ठोके संथ, नियमित पडत होते. एर्मेतेने गळ्यावरची बोटं जरा सरकवली, दाबली, मग दुसऱ्या बाजूला नेली.

"लिहिताय ना?" फादरांनी विचारलं.

गळ्यात काहीच लागत नव्हतं.