आजोबांचा पट्टशिष्य

आजोबा निवृत्त पीटी मास्तर, आणि सहा महिन्यांचा नातू त्यांचा पट्टशिष्य. झोपेतून उठला की तो कमरेत वाकून दोन्ही हात झपकन पसरायचा, क्षणभर थांबायचा, पुन्हा तेच. आजोबा शिट्टीने ताल द्यायचे, व्हिडिओ काढायचे. "कवायत रक्तातच आहे आमच्या!" लसीच्या दिवशी तो व्हिडिओ डॉक्टरीणबाईंनाही कौतुकाने दाखवला. बाई हसल्या नाहीत. "आजोबा, ही कवायत नाही, झटके आहेत. मेंदूची तपासणी आजच करायची. व्हिडिओ दाखवलात म्हणून लवकर कळलं." आजोबांनी शिट्टी खिशात ठेवली. औषधं सुरू झाली. महिन्याभराने एका सकाळी नातू जागा होताना आजोबा श्वास रोखून पाळण्याशी उभे. पठ्ठ्याने नुसती जांभई दिली आणि पायाचा अंगठा चोखत लोळत राहिला. जन्मभर आळशांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे आजोबा शिट्टी फुंकून ओरडले, "शाब्बास रे आळशा!"