दिवसाउजेडी

"कॉफी. दूध नको," असं तो म्हणाला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या अर्लीनने त्याला ओळखलं. हाच रसेल.

तो एवढा धिप्पाड असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि एवढं टक्कल असेल असं तर मुळीच नाही. दोन वर्षं दोघं गावाबाहेरच्या माळावर शेजारी शेजारी दुर्बिणी लावून उभी राहायची. पण काळोखाला सरावलेले डोळे एकदा दिपले की बराच वेळ आकाशात काही दिसत नाही, म्हणून तिथे साधी बॅटरी लावलेली कुणाला खपत नाही. लाल दिवा चालतो, तोही पायाशी. माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखतात आणि उजाडायच्या आत घरी जातात.

गेल्या अमावास्येला तोच म्हणाला होता, "अगं, एकदा दिवसाउजेडी तोंड तरी दाखव. शनिवारी तीन वाजता ये कोनीच्या हॉटेलात. कॉफी पाजतो."

अर्लीन एकाहत्तर वर्षांची होती. आवाज मात्र पंचविशीतच राहून गेला होता. फोनवर विमा विकणारी पोरं तिला अजूनही विचारत, "आई आहे का घरी?" हे रसेलला सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं, आणि दर वेळी तिने ते राहू दिलं. त्याचं ते अगं-तुगं तिला आवडायचं. नवरा गेल्यापासून तिला असं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

आज तिने लिपस्टिक लावली, पुसली आणि पुन्हा लावली होती. समोर कॉफी आणि हिरव्या मिरचीचा रस्सा केव्हाचे निवून गेले होते.

आत येताना रसेलने हॉटेलभर नजर फिरवली होती. बाळाला भरवणाऱ्या एका बाईपाशी ती नजर घुटमळली आणि तिचा नवरा दिसताच पुढे सरकली. मग ती अर्लीनवरून गेली, जशी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून गेली. नव्या लोकांना हाच माणूस शिकवायचा, की अंधुक तारा बघायचा तर त्याच्यावर डोळे रोखू नका, जरा बाजूला बघा. आता तो दारावर डोळे रोखून बसला होता.

नुसतं "रसेल" म्हणायचं, की झालं. पण अर्लीन निवलेला रस्सा चमच्याने ढवळत राहिली. माणूस चांगला होता. उठून उभा राहिला असता, तिला खुर्ची ओढून दिली असती, तब्येतीची चौकशी केली असती. आणि पुढच्या अमावास्येला तिची दुर्बीण गाडीतून उतरवायला धावत आला असता. ते तिला सोसलं नसतं.

कप पुन्हा भरताना कोनीने त्याला विचारलं, "कुणी यायचंय का?"

"हो, एक बाई."

"दिसायला कशी आहे? येऊन गेली असेल तर सांगते."

"तेच तर माहीत नाही." रसेल ओशाळून हसला. "आमची अंधारातली ओळख आहे."

"माझ्या बहिणीने असंच लग्न केलं," कोनी म्हणाली. "आता रडतेय."

"तसं नाही हो, आम्ही तारे बघतो. पहिल्याच रात्री मला धूमकेतू सापडला म्हणून मी बोंब ठोकली. सगळे गप्प. ही तेवढी हसली. म्हणाली, 'अरे, तो सगळ्यांनाच सापडतो. देवयानी दीर्घिका आहे ती, आपली शेजारीण.' तेव्हापासून मी दुर्बीण तिच्याच बाजूला लावतो."

"पण मग तुम्ही ओळखणार कसे तिला?"

"बोलू तर द्या तिला," रसेल म्हणाला. "एक शब्द बोलली तरी ओळखेन."

कोनी किटली घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी आली.

"आणि तुम्हाला, आजी? अजून काही आणू?"

रसेलने सहज मान वळवून इकडे पाहिलं.

अर्लीनने कपावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली.