काळी चार

जिन्याच्या वळणावर धाकट्याचे पाय थबकले. वर दादाच्या घरात कुणीतरी गात होतं.

आवाज अनोळखी होता. भरदार, खालच्या सुरातला, कसली म्हणून घाई नसलेला. गाणं मात्र घरचंच, वडिलांनी शिकवलेलं. देवाला 'आता तरी दार उघड' म्हणून विनवणारं. दोघं भाऊ ते कार्यक्रमात घसा ताणून म्हणत. हा गाणारा ते असं म्हणत होता, की जणू देव त्याच खोलीत बसलाय आणि त्याच्याशी मोठ्यानं बोलायची गरजच नाही.

दादानं आपल्या जागी दुसरा माणूस आणून बसवला. आणि आणला तोही सव्वाशेर.

त्याच्या काखेत पिशवी होती. पिशवीत त्याचा पहिलावहिला अल्बम. वर फोटो त्याचा एकट्याचा, नाव त्याचं एकट्याचं. तो दादाच्या हातात ठेवायचा आणि 'बरं केलंस' एवढं एक वाक्य घेऊन परत जायचं, यासाठी तो आला होता. त्या एका वाक्यावाचून त्याला घास गोड लागत नव्हता.

कारण तसंच होतं. जन्मभर दोघं जोडीनं गायले. दादा कथा सांगायचा, सांगता सांगता गाणं उचलायचा, धाकटा मागून सूर धरायचा. कार्यक्रम सुरू होताना पेटीवाला विचारी, "पट्टी?" सूर कुठून लावायचा, ते त्याला हवं असे. दादा मान न वळवता सांगे, "काळी चार." म्हणजे पेटीवरची चौथी काळी, चांगलीच उंच पट्टी. दोन कडवी झाली, की दादाचा आवाज वर जाऊन चिरकलाच. लोक गालातल्या गालात हसत. मग धाकटा पुढचं कडवं असं काही उचलून नेई, की हसणारे डोळे पुसू लागत. निघताना कुणीतरी हमखास त्याच्या पाठीवर थाप मारी. "थोरल्याला किती दिवस ओढणार आहेस रे?"

ऐकून ऐकून ते त्यालाही खरं वाटू लागलं.

अल्बमचं ठरलं तेव्हा कंपनीच्या बाईंनी विचारलं होतं, "दादांना एखाद्या गाण्यात घ्यायचं का?"

"नको," धाकटा म्हणाला होता. "त्यांचा गळा गेला."

हे तो दादाच्या तोंडावर बोलला नाही. दादाला ते बाहेरून कळलं.

स्टुडिओत काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "आता एकटेच आहात. हवी ती पट्टी घ्या." धाकट्यानं मोठ्या हौसेनं खालच्या पट्ट्या लावून पाहिल्या. एकीतही आवाज पेट घेईना, ओल्या काडीसारखा नुसता फुरफुरत राहिला. शेवटी नाइलाजानं काळी चार घेतली आणि गळा असा लागला, की काचेपलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

"दादाची पट्टी आहे ही," धाकटा हसत म्हणाला. "महाहट्टी माणूस! मलाही जन्मभर त्याच पट्टीत गायला लावलं. आता सुटत नाही बघा."

धाकटा उरलेला जिना चढून वर आला. गॅलरीत वहिनी कपडे वाळत घालत होती.

"अगंबाई, भाऊजी! वाट चुकलात की काय? फोटोत तर भलतेच गोरे दिसताय."

चेष्टा कानाआड करून त्यानं विचारलं, "वहिनी, आत कोण आलंय?"

"कोण येणार? हेच आहेत."

"काहीतरीच काय! दादाचा आवाज मला ओळखू येत नाही होय?"

"नाहीच येत." वहिनीनं पिळलेला टॉवेल जोरात झटकला. "तुम्ही ऐकलाय कधी? लग्न होऊन आले तेव्हापासून मी ऐकतेय. रोज सकाळी, देवापुढे, दार लोटून. तुमची जिन्यावर चाहूल लागली, की गप्प. का ते मला विचारू नका. मी विचारून थकले. आज तुम्ही चोरपावलांनी आलात म्हणून."

धाकट्यानं दार हळूच ढकललं.

दादा चटईवर बसला होता. डोळे मिटलेले, डावा हात पेटीच्या भात्यावर, उजवी बोटं डावीकडच्या, अगदी खालच्या पट्ट्यांवर. कपाळावर आठी नाही, मानेच्या शिरा तटतटलेल्या नाहीत. गाणं चढलं, वरच्या सुराला अलगद टेकलं आणि तसंच खाली आलं. कुठे चिरकलं नाही, कुठे फाटलं नाही. धाकट्यानं चौकट घट्ट धरली.

दादानं डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारखा क्षणभर ओशाळला.

"तू होय? कधी आलास?"

"दादा, हा माझा..." पिशवीतून अल्बम निघता निघेना.

"ऐकला की. समोरच्या दुकानात लावला होता. उभ्या उभ्या सगळा ऐकला." दादाचा चेहरा उजळला होता. "काय गायलास रे! बाबा असायला हवे होते."

हवं होतं त्याहून जास्तच मिळालं होतं. धाकट्याला मात्र वर बघवेना.

"दादा, मी त्या लोकांना सांगितलं, की तुझा गळा..."

"अरे, आधी बस तर खरं."

दादानं सरकून चटईवर जागा केली. मग तो ताठ बसला, घसा खाकरला, ओझं उचलण्यापूर्वी माणूस घेतो तसा श्वास घेतला. त्याची बोटं खालच्या पट्ट्या सोडून एकेक करत वर चढली आणि चौथ्या काळीवर येऊन थांबली.

"थांब," तो म्हणाला, "तुझी पट्टी देतो."